मंगळवार-शुक्रवारचं विसरणं

कांताबाई गजभिये यांनी नागपूर महानगरपालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं हजेरी घेतली. वर्गात साठ पोरं असली तरी कोण आलं नाही हे त्यांना नुसती नजर फिरवून कळायचं, आणि कोण आलंय पण नसल्यासारखं बसलंय हेही कळायचं. अशा बाईवर सहासष्टाव्या वर्षी, अमेरिकेत पिस्कॅटवेमधल्या मुलाच्या घरी, स्वतःचीच हजेरी घ्यायची पाळी आली.

त्यासाठी त्यांनी नातीच्या, निधीच्या जुन्या वह्यांतली एक कोरी वही मागून घेतली होती. पट्टीनं तीन रकाने आखले. तारीख, वार, काय विसरले. डिसेंबरपासून आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या होत्या. एके दिवशी मशीन लावलं आणि साबणच घातला नाही. एकदा निधीला ‘प्रीता’ म्हणून हाक मारली. प्रीता ही त्यांची नागपूरची लेक. एकदा चहाला आधण ठेवलं आणि भांडं जळल्यावर आठवलं. एकदा सख्ख्या बहिणीचा फोन नंबर, वीस वर्षं पाठ असलेला, डोक्यातून पार पुसला गेला. त्या त्या दिवशी कपाळ ठणकायचं, मळमळायचं, पाय जड व्हायचे. उन्हाशिवाय आणि कोरड्या गरम हवेत राहायची सवय नाही म्हणून होत असेल, असं त्या स्वतःला समजावत होत्या. खरी भीती मात्र वेगळी होती. त्यांच्या आईनं शेवटच्या वर्षी त्यांच्याकडे बघून, अगदी आदरानं, विचारलं होतं, “बाई, तुम्ही कोणाकडे आल्या?” ते वाक्य कांताबाई विसरल्या नव्हत्या. आणि म्हणूनच त्यांनी वही उघडली होती.

बारावी नोंद एका शुक्रवारी झाली.

निधी पहिलीत. तिची पिवळी बस तीन चाळीसला कोपऱ्यावर यायची. एवढ्या लहान पोरांना घ्यायला मोठं माणूस दिसलं नाही, तर ड्रायव्हर त्यांना उतरवत नाही, सरळ शाळेत परत नेतो. कांताबाई अडीच महिने रोज दहा मिनिटं आधीच टोपी-मफलर चढवून तिथे उभ्या असायच्या. त्या शुक्रवारी तळघरात कपड्यांच्या घड्या घालता घालता त्या आपल्या पलंगाच्या कडेवर दोन मिनिटं टेकल्या. डोळे उघडले तेव्हा समोर सून सोनल उभी होती, अंगात ऑफिसचा कोट, हाताला धरून निधी. निधी रडून थकली होती. घड्याळात पाच वाजत होते.

सोनल रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

राकेश मात्र रात्री जेवणं झाल्यावर आईसमोर बसला आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतात तसं बोलायला लागला. कठीण बोलायचं असलं की पोरगं इंग्रजी शब्दांच्या आडोशाला जातं, हे कांताबाईंना माहीत होतं.

“आई, मी तुझं तिकीट प्रीपोन केलंय. सहा फेब्रुवारीचं मिळालं. तिकडे प्रीतानं न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय. इथे व्हिजिटरच्या इन्शुरन्समध्ये हे काही कव्हर होत नाही.”

“मी तर एप्रिलपर्यंत राहणार होते न?”

“मेमरीचं असं असतं न, जितकं लवकर डायग्नोस होईल तितकं चांगलं. आणि तोपर्यंत निधीला शाळा सुटल्यावर तिथेच आफ्टरकेअरला ठेवू आम्ही. तू स्ट्रेस घेऊ नको.”

तिकिटाचं त्यांना एवढं लागलं नाही. निधीचं लागलं. एकतीस वर्षं लोकांनी आपली लेकरं डोळे झाकून त्यांच्या हवाली केली होती, आणि आता स्वतःच्या नातीला घराच्या कोपऱ्यावरून आणायला त्या चालत नव्हत्या. त्यांनी “बरं” म्हटलं, ताट उचललं, तळघरात आल्या आणि उशीत तोंड खुपसून रडल्या. त्यानंतर त्यांनी नोंद केली. बावीस, तेवीस... तारीख आठवेना, म्हणून कॅलेंडर पाहिलं. तेवीस जानेवारी. शुक्रवार. निधीला आणायला विसरले.

रविवारी घरातली तिघंही किराणा आणायला गेली. कांताबाई वही घेऊन खिडकीपाशी बसल्या. आता न्यूरॉलॉजिस्टला दाखवायची म्हणजे नीट असली पाहिजे, म्हणून त्या शाईनं गिरवायला लागल्या. तारखा गिरवल्या. मग वाराचा रकाना. शुक्रवार. मंगळवार. मंगळवार. शुक्रवार. मंगळवार. शुक्रवार.

हात थांबला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वरून खाली बोट फिरवलं. बाराच्या बारा नोंदी. एकही सोमवार नाही, एकही गुरुवार नाही.

अशी हजेरी त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. एक पोरगी फक्त बुधवारी यायची नाही. बाकीच्या शिक्षिका म्हणायच्या, आळशी आहे. कांताबाई तिच्या घरी गेल्या तेव्हा कळलं, बुधवारी आई बाजारात भाजी विकायला बसते आणि धाकटा भाऊ हिच्या कडेवर असतो. दुखणं वार बघून येत नाही. वार बघून येतं ते घरातलं काम.

“बाप्पा!” त्या एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या. “माझं डोकं काय कॅलेंडर पाहून बिघडते?”

मंगळवारी आणि शुक्रवारी त्या काय करत होत्या? कपडे धूत होत्या. या घरात आल्यापासून धुण्याचा ताबा त्यांनी घेतला होता. राकेश आणि सोनल सगळे कपडे थंड पाण्यात फिरवायचे, ते त्यांना धुणं वाटायचंच नाही. त्यांचं धुणं म्हणजे कढत पाणी, लागोपाठ तीन खेपा, आणि मग ड्रायर सुरू. मशीन, ड्रायर, पाणी तापवायची उंच गोल टाकी आणि घर गरम करायची भट्टी, सगळं तळघराच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला पडदा लावून त्यांची खोली केलेली. मधे दहा पावलांचं अंतर.

साबणाचा वास बाधत असेल का? पण तो साबण तर रोज अंगावरच्या कपड्यांत असतो. मग त्यांना खिडकी आठवली. तळघराची ती जमिनीलगतची बुटकी खिडकी धुण्याच्या दिवशी आतून घामेजायची, थेंब ओघळून चौकटीत पाणी साचायचं आणि त्या ते पुसायच्या. ड्रायरची वाफ तर नळीनं बाहेर जाते. मग एवढा दमटपणा आत कुठून येतो?

अशी भिंत त्यांनी एकदा पाहिली होती. शाळेच्या खिचडीच्या खोलीत. एका पावसाळ्यात तिथली भिंत अशीच पाझरायला लागली, खिचडी शिजवणारी बाई दोनदा चक्कर येऊन पडली, आणि सगळ्यांनी तिला उपास-तापास कमी कर म्हणून सांगितलं. कांताबाईंनी शिपायाला छपरावर चढवलं. धुराड्यात कबुतरानं घरटं केलं होतं. बाहेर जायचा धूर उलटून आत येत होता.

त्यांनी टाकीकडे पाहिलं. टाकीच्या डोक्यावर पत्र्याची छोटी छत्री होती, छत्रीच्या वर पाइप, आणि पाइप जाऊन विटांच्या चिमणीत घुसलेला. टाकीखाली गॅसची ज्योत. म्हणजे चूलच की ही. उभी केलेली, पांढरा रंग दिलेली, पण चूल.

मंगळवारी सोनल घरून काम करत होती, वर तिच्या मीटिंग चालू होत्या. कांताबाईंनी धुणं लावायच्या आधी एक अगरबत्ती पेटवली आणि टाकीच्या छत्रीखाली धरली. धुराची रेघ सरळ आत ओढली गेली. चांगलं. मग कढत पाण्याच्या दोन खेपा लावल्या, ड्रायर सुरू केला आणि वर जाऊन बसल्या. अर्ध्या तासानं पुन्हा खाली आल्या. टाकीखाली ज्योत धडधडत होती. त्यांनी अगरबत्ती त्याच जागी धरली.

धूर वाकला आणि त्यांच्या तोंडावर आला. छत्रीच्या कडेतून ऊन, ओलसर वाफारा बोटांना लागत होता.

त्या तिथे एक क्षणही थांबल्या नाहीत. जिना चढल्या, धाप लागली तरी चढल्या, आणि सोनलच्या दारावर थाप मारली.

“सोनल, मीटिंग बंद कर बेटा. खाली धुराडं उलटून राहिलं.”

“काय? आई, मी प्रेझेंट करतेय, पाच मिनिटं...”

“ते टाकीचं. धूर चिमणीत जात नाही, घरात येते. मी अगरबत्ती धरून पाहिली. मंगळवार आहे न आज.”

शेवटचं वाक्य सोनलला मुळीच कळलं नाही. पण ती औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करायची, तिथे गॅसच्या गळतीचा सराव दर सहा महिन्यांनी व्हायचा. सासूच्या हातातली अगरबत्ती, तांबारलेला चेहरा, कपाळावर घट्ट बांधलेली ओढणी, आणि गेले दोन महिने चाललेली डोकेदुखी हे सगळं तिच्या डोक्यात एकदम जुळलं. ती उठली.

“जॅकेट घाला. चला बाहेर. आत्ता.”

“ड्रायर बंद करून येते.”

“काही बंद करायचं नाही! खाली जायचंच नाही!” सोनल पहिल्यांदाच सासूवर ओरडली, आणि कांताबाईंना त्याचं बरं वाटलं.

दोघी बर्फात गाडीत बसून राहिल्या. सोनलनं गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन केला. वीस मिनिटांत माणूस आला, हातात छोटं यंत्र घेऊन आत गेला, आणि लगेच दारं-खिडक्या उघडल्याचे आवाज यायला लागले. बाहेर येऊन त्यानं सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड आहे, खाली भरपूर आणि वर थोडा. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला वाटतं आपल्याला बरं नाही. टाकीचा गॅस बंद करून त्यानं तिला लाल चिठ्ठी बांधली. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत कांताबाईंचं रक्त घेतलं, नाकातोंडावर मास्क लावून दोन तास ऑक्सिजन दिला. संध्याकाळपर्यंत डोकं असं उतरलं की त्यांना भूक लागली.

राकेश धावत आला, आईचा हात धरून बसला, डोळ्यांत पाणी. पण स्वभाव इंजिनिअरचा.

“डोकेदुखी या गॅसनंच. ते क्लिअर आहे,” तो घरी आल्यावर म्हणाला. “पण मेमरीचं... डॉक्टर म्हणाले, बहुतेक त्यामुळेच, पण वॉच करा. तर तिकीट राहू देऊ, आई. तिकडे चेक करून घेतलेलं बरं.”

ज्या बाईनं दुखणं हुडकलं तिच्यावर पोरानं अजून शंका घ्यावी, याचा कांताबाईंना रागच आला. आणि रागाखाली भीती तशीच होती, कारण त्याचं म्हणणं चूक आहे असं त्यांनाही छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिमणीचं काम करणारा आला. साठीचा, दाढीवाला, गुडघ्यांना पट्टे बांधलेला माणूस. त्यानं आरसा आणि टॉर्च घेऊन चिमणी बघितली, मग राकेशला विचारलं की भट्टी कधी बदलली. ऑक्टोबरमध्ये. तो मान हलवत समजावू लागला, आणि सोनल सासूला मराठीत सांगत गेली. पूर्वी भट्टी आणि टाकी दोघींचा धूर याच चिमणीतून जायचा. जुन्या भट्टीचा धूर भरपूर आणि कढत, त्यानं चिमणी तापलेली राहायची, टाकीचा लहानसा धूरही तिच्यासोबत वर निघून जायचा. नवी भट्टी प्लास्टिकच्या नळीनं भिंतीतूनच बाहेर धूर टाकते. टाकी एकटी उरली. एवढ्या मोठ्या गार चिमणीत तिचा धूर मधेच थंड होतो, पाणी सुटतं आणि तो खाली बसतो. अशा वेळी चिमणीच्या आत बारीक धातूचा पाइप सोडावा लागतो.

“भट्टीवाला म्हणाला होता,” राकेश हळू आवाजात म्हणाला. “मला वाटलं उगाच काम वाढवतोय. मी नको म्हटलं.”

पण दाढीवाल्याचं समाधान झालं नव्हतं. ड्रायर या खोलीतली हवा बाहेर फेकतो, तो म्हणाला. फेकलेल्या हवेच्या जागी हवा आली पाहिजे. ती आली नाही तर खोली चिमणीतूनच हवा ओढते, आणि धूर उलटतो. या खोलीला बाहेरून हवा यायची वाट असणारच, ती कुठे आहे? तो भिंतीवरून टॉर्च फिरवत गेला. कोपऱ्यातल्या फळीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, पुढे मेणबत्तीची वाटी. फळीच्या खाली एक जाळी. त्यानं जाळी काढली, हात आत घातला आणि पांढऱ्या कापडाचा भला मोठा बोळा बाहेर ओढला.

“हू डिड धिस?”

“आधीच्या ओनरनं केलं असणार,” राकेश लगेच म्हणाला. “आम्ही ती जाळी कधी उघडलीच नाही.”

कांताबाई पायरीवर बसल्या होत्या. कापड उलगडलं गेलं तेव्हा त्यांना त्याचा ओळखीचा काठ दिसला. गप्प बसणं किती सोपं होतं! आधीचा मालक काही साक्ष द्यायला येणार नव्हता. आणि बोललं तर राकेश काय म्हणणार तेही त्यांना दिसत होतं. बघ आई, तू असं काहीही करतेस, म्हणून तर म्हणतो. सहा फेब्रुवारीचं विमान नक्की.

शाळेत त्या पोरांना एकच गोष्ट मारून-मुटकून शिकवत आल्या होत्या. विचारलं की उभं राहून सांगायचं. त्या उभ्या राहिल्या.

“मी केलं ते.”

“आई?”

“सहा डिसेंबर. महापरिनिर्वाण दिन होता. शनिवार, म्हणून तुम्ही घरी होते. मी मेणबत्ती लावत होते न, तर त्या जाळीतून असा गारठा येत होता की मेणबत्ती तीनदा विझली. त्या दिवशी मेणबत्ती विझलेली मला चालणार होती काय? मग ही माझी दीक्षाभूमीला नेसायची पांढरी साडी, फाटली म्हणून पुसायला आणली होती. तिचा अर्धा भाग फाडला आणि कोंबला आत. चौथ्यांदा लावली, मग रात्री नऊपर्यंत जळली. माझ्या हातानं मी हवेची वाट बंद केली. माझी नात वर झोपत होती राकेश. मला माहीत नव्हतं रे.”

कांताबाई रडत होत्या, पण थांबत नव्हत्या. कबुली अर्धी द्यायची त्यांना सवयच नव्हती.

“आणि त्याच दिवशी उदबत्त्या जास्त लावल्या, तर छतावरचं ते पांढरं यंत्र कोकलायला लागलं. तू स्टुलावर चढला, काढलं आणि म्हणाला, आई, तू शांतपणे वंदना कर.”

“अलार्म!” सोनल म्हणाली. “राकेश, तो धुराचा आणि याचा, दोन्हींचा होता! कुठे आहे तो?”

राकेशनं छताकडे पाहिलं. तिथे नुसता गोल डाग होता.

“मी काढला होता?” तो म्हणाला. “मला... मला आठवतच नाहीये. गराजमध्ये ठेवला का?”

“स्वयंपाकघरात, खालून तिसऱ्या ड्रॉवरमध्ये,” कांताबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. “पिझ्झाच्या जाहिरातींच्या खाली. बॅटऱ्या त्यात नाहीत. दोन होत्या, त्या तू निधीच्या गाणाऱ्या अस्वलात घातल्या. हिरवी पँटवालं.”

सोनल जिना चढून गेली. वर ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला, मग कागदांचा. ती खाली आली तेव्हा तिच्या एका हातात ते पांढरं यंत्र होतं आणि दुसऱ्या हातात अस्वल. हिरवी पँट. दाढीवाला काही न समजून सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत होता.

राकेशनं आईसमोर पायरीवर बसकण मारली. त्यानं काही इंग्रजी शब्द शोधले, सापडले नसावेत.

“चुकलो, आई,” तो म्हणाला. मग खिशातून फोन काढला आणि तिथेच, तिच्या गुडघ्याला टेकून, सहा फेब्रुवारीचं तिकीट रद्द केलं.

आठवड्याच्या आत चिमणीत नवा पाइप उतरला, जाळी मोकळी झाली, दोन नवे अलार्म लागले. मेणबत्तीची फळी समोरच्या भिंतीवर गेली. धुणं झाल्यावर कांताबाईंनी अगरबत्ती धरून पाहिली, धूर निमूटपणे वर गेला. साडेतीनला टोपी-मफलर घालून त्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. बस आली, निधी उतरली आणि म्हणाली, “आजी, यू रिमेंबर्ड!”

घरी येऊन त्यांनी वही काढली. बाराव्या नोंदीखाली पट्टीनं रेघ मारली, आणि रेघेखाली एकच ओळ लिहिली. सहा डिसेंबर. शनिवार. राकेश अलार्म परत लावायला विसरला.